खाणगावचा जुना पसरो

डिचोली, साखळी, कुडचडे या बाजूच्या वाचकांस ‘पसरो’ म्हणजे काय हे सांगावयास नको. इतर सभासदांसाठी इतकेच, की उकड्या तांदळापासून घासलेटापर्यंत आणि खोबरेलापासून ताडपत्रीपर्यंत सारे काही जेथे एका छपराखाली मिळे, ते हे दुकान होय. खाणींच्या गावी मात्र त्याचे खरे भांडवल माल नव्हे, उधारीची वही असे.

याचे कारण पावसात आहे. गोव्यातील लोखंडाच्या खाणी उघड्यावरच्या. जूनपासून त्यांत पाणी साचे, खोदकाम मंदावे, ट्रकांच्या फेऱ्या तुटत. आग्वादजवळच्या वाळूच्या पट्ट्यामुळे मांडवीचे मुख धोक्याचे होई व बार्जांना कुंभारजुव्याच्या खाडीने जावे लागे. नेमक्या याच दिवसांत मुलांची पुस्तके घ्यावयाची, घर शाकारावयाचे, आणि पाठोपाठ चवथ यावयाची. (ज्या वर्षी ईद पावसाळ्यात पडे, त्या वर्षी आमच्या घरच्या शेवयाही वहीतच चढत.) दिवाळीनंतर खनिज बंदराकडे निघाले, की पसरकाराची वसुली सुरू होई. व्याज वेगळे लिहीत नसत. ते भावातच धरलेले असे, आणि हे गिऱ्हाईकही जाणून असे.

या हिशेबाने नाण्यांचे फेरही सोसले. पोर्तुगीज अमदानीत १६ टांगांचा रुपया चाले. १९५९ साली त्याच्या जागी एस्कुदो आले, एका रुपयास ६ या दराने; आणि १९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय रुपया आला. जुनी बाकी दर वेळी नव्या नाण्यात मांडावी लागली, तरी व्यवहार मोडला नाही.

तो मोडला २०१२ साली. त्या वर्षी सप्टेंबरात राज्य सरकारने खाणकाम थांबविले व पुढल्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचाही मनाईहुकूम आला. २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेने परवानगी मिळाली. परंतु २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून काम पुन्हा बंद पडले. बेकायदा उत्खननास आळा बसणे आवश्यकच होते, याविषयी आमच्या मनात संशय नाही. तथापि चार महिन्यांच्या हिशेबाने दिलेली उधारी वर्षानुवर्षे अडकली. ट्रकवाल्याने बँकेचा हप्ता आधी भरावा की पसऱ्याची बाकी? बहुधा बँकच आधी, कारण ती ट्रक ओढून नेते. मोठ्या बाजारांनी जुनी दुकाने बुडविली असे जे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे.

२०२२ पासून पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आहेत. पसऱ्याच्या वह्या मात्र रद्दीत जात आहेत. ज्या सभासदांच्या माळ्यावर अशा वह्या असतील, त्यांनी त्या वाळवीपासून जपून ठेवाव्यात, ही विनंती.