टिळकांची भजनं आणि आपलं नगर

टायफॉइडमध्ये अंथरुणाला खिळले होते तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचली. प्रार्थना सुचत नव्हती. हे पुस्तकच माझी प्रार्थना झालं.

लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक यांना आगगाडीत एका अनोळखी प्रवाशाने ‘नवा करार’ दिला. त्यातलं डोंगरावरचं प्रवचन त्यांच्या मनात घर करून बसलं. 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे नगर (अहमदनगर) ही त्यांची कर्मभूमी झाली.

लक्ष्मीबाई मात्र लगेच मागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षांनी, स्वतःला पटल्यावरच त्या ख्रिस्ती झाल्या. मला हे फार मोलाचं वाटतं.

टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं. आजही मराठी चर्चमध्ये त्यांची भजनं गातात.

तुमच्या चर्चमध्ये कोणतं गातात? नक्की सांगा.