पाठमोरी रांग

पडदा वर जातो तेव्हा समोर ना वाडा दिसतो, ना दिवाणखाना. बारा ब्राह्मण एका ओळीत उभे असतात. धोतर, उपरणं, कपाळी गंध. गणपतीचं स्तवन सुरू असतं आणि ती ओळ पायांच्या ठेक्यावर डावीउजवीकडे डोलत असते. पाहणाऱ्यालाही हळूहळू मान डोलवावीशी वाटते. 'घाशीराम कोतवाल' इथूनच आपल्याला ताब्यात घेतं. पुढे जे काही घडतं ते या डोलण्यातून सुटूच देत नाही.

विजय तेंडुलकरांना ही रांग कोकणातल्या खेळ्यांमध्ये सापडली. माणसांचाच पडदा, त्यामागून पात्रं यायची आणि त्यामागेच जायची. ही कल्पना त्यांनी पेशवाईच्या पुण्यात आणली. रांग सरळ उभी राहिली की भिंत होते, वाकली की दरवाजा, पांगली की बाजार. प्रेक्षकांकडे पाठ केली की तिच्या आड वाटेल ते चालू शकतं. सुरुवातीलाच सूत्रधार एका भटजींना वाटेत अडवून विचारतो, कुठं निघालात? भटजी कीर्तनाचं नाव सांगतात, पाय मात्र बावनखणीकडे, नाचगाण्याच्या वस्तीकडे, वळलेले असतात. सगळ्या नाटकाचं बीज एवढ्याशा प्रसंगात आहे.

कथानकाला इतिहासाचा आधार आहे. औरंगाबादकडून आलेला घाशीराम सावळदास नाना फडणवीसांच्या काळात पुण्याचा कोतवाल झाला. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या कोठडीत डांबलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि चिडलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारलं. मोरोबा कान्होबांनी १८६३ मध्येच या माणसावर पुस्तक लिहिलं होतं. तेंडुलकरांना मात्र चरित्र लिहायचं नव्हतं. हे ऐतिहासिक नाटक नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यांना दाखवायचं होतं ते असं: सत्ता आपल्या सोयीसाठी एक माणूस उभा करते, त्याच्याकडून हवं ते करून घेते आणि काम झालं की त्याला जमावाच्या हवाली करते. बावनखणीत नाचता नाचता नानांचा पाय मुरगळतो, तेव्हा घाशीराम वाकून त्यांच्या पायाखाली आपली पाठ देतो. नाना खूश होऊन गळ्यातला कंठा काढून देतात. क्षणभरात तिथली नर्तकी गुलाबी तो हिसकावून घेते आणि घाशीरामला हाकलून देते. पुढे हाच माणूस आपली मुलगी नानांना देऊन कोतवाली मिळवतो.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनची ही हौशी मंडळी होती. दिग्दर्शक जब्बार पटेल पेशाने डॉक्टर, नाना फडणवीसांची भूमिका करणारे मोहन आगाशेही डॉक्टरच. घाशीराम होते रमेश टिळेकर. नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांनी बसवली आणि संगीत भास्कर चंदावरकरांचं.

चंदावरकरांबद्दल थांबून लिहायला हवं. ते सतारवादक, पंडित रविशंकरांचे शिष्य. पण इथे त्यांनी मैफलीचा डौल बाजूला ठेवला आणि कीर्तन, अभंग, लावणी यांचे मराठी कानात मुरलेले ठेके हाती घेतले. संगीत नाटकाच्या जुन्या रिवाजात नट थांबून पद म्हणतो, वन्समोअर घेतो आणि गोष्ट तेवढा वेळ त्याची वाट पाहते. 'घाशीराम'मध्ये गोष्ट एक क्षणही थांबत नाही, कारण तीच गाण्यावर स्वार झालेली असते. कीर्तनाचा सूर कधी लावणीत उतरतो ते कळत नाही, आणि कळतं तेव्हा आपण आधीच ताल धरलेला असतो. चोरीचा आळ आलेल्या ब्राह्मणाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवायचा, हे दिव्य आपल्यासमोर होतं. तो किंचाळतो आणि पाठीमागे देवाचं नाव लयीत चालूच राहतं. ती किंकाळी मला सहन झाली होती. न चुकणारा ताल सहन झाला नव्हता. चंद्रकांत काळे, रवींद्र साठे यांच्यासारखे गळे त्या मेळात होते, म्हणून तो गोडवा खराखुरा होता. तिथे बेसूर गाऊन भागलं नसतं. भक्तीचा सूर जितका शुद्ध, तितकं त्याच्या आड चाललेलं भयंकर.

नाटकावर वादळ उठलं. नानांची आणि ब्राह्मणांची बदनामी केली, असा आरोप झाला. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ते बंद केलं. नाटकातली मुलं मागे हटली नाहीत. २७ मार्च १९७३ रोजी त्यांनी 'थिएटर अकॅडमी' उभी केली आणि ११ जानेवारी १९७४ पासून 'घाशीराम' पुन्हा सुरू झालं. दिल्लीत राजिंदर नाथांनी ते हिंदीत केलं. नाटकावरून निघालेल्या १९७६ च्या चित्रपटात ओम पुरी घाशीराम झाले. १९८० मध्ये बर्लिनच्या महोत्सवाचं निमंत्रण आलं, तेव्हा हे नाटक परदेशात नेऊ नये म्हणून पुन्हा विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. तरीही मंडळी युरोपात जाऊन प्रयोग करून आली.

या सगळ्या भांडणात बोट नानांकडे होतं. इतिहासातले नाना असे होते का, यावर रकानेच्या रकाने भरले. मला वाटतं, वाद घालणाऱ्यांनी मागे उभ्या असलेल्या रांगेकडे पुरेसं पाहिलंच नाही. नाना आणि घाशीराम दोघं मिळून हे सगळं करू शकले नसते. कोणाचा छळ चालू असताना भिंत होऊन उभं राहायला, आणि कोतवालाचे दिवस भरले की त्याच भिंतीतून दगड उचलायला, माणसं लागतात.

शेवटी घाशीराम ठेचला जातो. नाना पुण्याला उत्सव करायला सांगतात. मृदंग पुन्हा घुमतो, गुलाल उधळल्यासारखा आनंद रंगमंचावर पसरतो, आणि ते बारा जण पहिल्या प्रवेशातल्यासारखेच डोलू लागतात.