खिडकीतून शिंजीर टिपताना

कुंडीतल्या जास्वंदीवर येणारा जांभळा शिंजीर जेमतेम १० सेंटिमीटरचा. विणीच्या काळात नर लांबून काळाच दिसतो. ऊन योग्य कोनातून पडले की पिसांवर जांभळी-निळी झळाळी उमटते. म्हणून सकाळचे तिरपे ऊन आपल्या पाठीमागून येईल अशी जागा निवडावी.

फोटो काचेतून काढायचा असेल, तर खोलीतले दिवे बंद करून लेन्स काचेच्या अगदी जवळ न्यावी, प्रतिबिंब टळते. शटरचा वेग सेकंदाच्या १/१००० किंवा त्याहून जास्त ठेवावा आणि फोकस डोळ्यावर साधावा. मागे उजळ आकाश असल्यास एक्स्पोजर थोडे वाढवावे, नाहीतर पक्षी काळाठिक्कर येतो.

फोटो ‘रॉ’ स्वरूपात साठवणे फार उपयोगाचे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. त्यामुळे सावलीतली पिसे नंतर उजळता येतात. संगणकावर आधी प्रकाश आणि रंगाचा तोल सुधारावा, मग नॉइज कमी करावा. शार्पनिंग सर्वांत शेवटी, तेही बेतानेच. २४ मेगापिक्सेलचा फोटो लांबी-रुंदीत निम्मा कापला तरी ६ मेगापिक्सेल उरतात. छोट्या प्रिंटला ते पुरतात. मात्र हललेला फोटो कुठल्याही सॉफ्टवेअरने खऱ्या अर्थाने सुधारत नाही, आणि पिसांचा रंग भडक केला तर ती पक्ष्याची खरी नोंद राहत नाही.

घरट्याजवळ मात्र कॅमेरा नेऊ नये. बिथरलेले पक्षी घरटे सोडून जाऊ शकतात, आणि पिलांपेक्षा कोणताही फोटो मोलाचा नाही.