जळगाव ते धुळे : भूमार्ग आणि आकाशमार्ग

खानदेशाच्या नकाशावर जळगाव व धुळे ही दोन नगरे जवळजवळ एकाच अक्षांशावर वसलेली दिसतात. जळगाव ७५ अंश ३४ मिनिटे, तर धुळे ७४ अंश ४७ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. दोहोंत ४७ मिनिटांचा फरक पडतो. विषुववृत्तावर रेखांशाच्या एका अंशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर भरते. परंतु रेखावृत्ते ध्रुवांकडे जाताना परस्परांच्या जवळ येतात, म्हणून खानदेशात ते सुमारे १०४ किलोमीटरच उरते. ६० मिनिटांना १०४ किलोमीटर, तर ४७ मिनिटांना किती? त्रैराशिकाने उत्तर येते सुमारे ८१. धुळे किंचित दक्षिणेस आहे, हे जमेस धरल्यास दोन नगरांतील सरळ अंतर सुमारे ८२ किलोमीटर होते.

भूमीवरील प्रवाशाला मात्र अशी सरळ रेषा लाभत नाही. जळगाव सोडताच गिरणा नदी ओलांडावी लागते. पुढे पाळधी, एरंडोल, पारोळा अशी गावे घेत महामार्ग धुळ्यास पोहोचतो, तेव्हा नव्वदाहून अधिक किलोमीटर झालेले असतात. आगगाडीचा मार्ग तर याहून लांब. चाळीसगावास वळसा घालून जावे लागत असल्यामुळे तो सुमारे १५० किलोमीटर भरतो.

विमानाला ना नदी आडवी येते, ना डोंगर. जळगावचा विमानतळ कुसुंबे गावाजवळ आहे, तर धुळ्याची धावपट्टी गोंदूर येथे. जळगावच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन २३ मार्च २०१२ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. डिसेंबर २०१७ मध्ये 'उडान' योजनेखाली तेथून मुंबईस विमान जाऊ लागले. गोंदूरच्या धावपट्टीचा उपयोग वैमानिकांच्या शिक्षणासाठी झाला आहे.

या दोन धावपट्ट्यांतील अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. ताशी ५०० किलोमीटर वेगाचे विमान ते ११ मिनिटांत तोडील, असे गणित सांगते. पण विमानाला आरंभापासून पूर्ण वेग नसतो. धावपट्टीवर धावणे, उंची गाठणे, पुन्हा खाली उतरणे यांत वेळ जातो आणि ११ मिनिटांची २० ते २५ मिनिटे होतात. शिवाय घरून विमानतळावर जाणे, तपासणीसाठी तासभर आधी पोहोचणे, उतरल्यावर पुन्हा नगरात येणे हे सारे मिळविल्यास दोन-अडीच तास होतात. एस.टी. बसलाही तेवढाच वेळ लागतो, आणि भाडेही थोडे पडते! तेव्हा या दोन गावांमध्ये प्रवासी विमान चालत नाही, यात नवल ते काय?

मग थोड्या अंतरासाठी विमान निरुपयोगीच म्हणावे काय? तसे नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेस वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये तीन किलोमीटरहूनही कमी अंतर आहे. तरी तेथे १९६७ पासून विमान जाते आणि दोन मिनिटांच्या आत पोहोचते. मध्ये खवळलेला समुद्र असल्याने शिक्षकांना व रुग्णांना ते सोयीचे होते. जळगावाहून मुंबई लोहमार्गाने ४२० किलोमीटर आहे. आगगाडीला सहा-सात तास लागतात; विमान तासा-सव्वातासात नेते. अत्यवस्थ रुग्णाला मुंबईस न्यायचे असेल, तर वाचलेल्या त्या तासांचे मोल पैशांत करता येत नाही.

प्रवासाचा काळ केवळ वाहनाच्या वेगावर अवलंबून नसतो. घराच्या उंबरठ्यापासून इच्छित स्थळाच्या उंबरठ्यापर्यंत जो वेळ लागतो, तोच खरा प्रवासाचा काळ होय.