मीटर बदलले, पाळी ग्राहकाचीच

1 एप्रिल 2005 रोजी गुजरात इलेक्ट्रिसिटी बोर्डाची, म्हणजे जीईबीची, वाटणी झाली. निर्मिती एकीकडे, पारेषण दुसरीकडे आणि वितरण चार कंपन्यांकडे गेले. हरणीसह सारे बडोदे मध्य गुजरात वीज कंपनीच्या वाट्याला आले. याला वीस वर्षे उलटली, तरी हरणीतल्या मराठी घरांत लाइट बिल अजून ‘जीईबीचंच’ येतं.

1960 पासूनची आधीची चार दशके थोडक्यात आटोपलेली बरी. खांब उभे राहिले, तारा ओढल्या गेल्या, तोटा साचत गेला.

बडोदेकरांना मिरवायला मिळाले ते त्यानंतरचे दशक. 2003 मध्ये ज्योतिग्राम योजना आली. शेतीपंपांचे फीडर वेगळे झाले. पंपांना ठरावीक तास आणि गावाला चोवीस तास वीज मिळू लागली. त्याच काळात महाराष्ट्र भारनियमनाने घामाघूम होता. तिकडचे पाहुणे उन्हाळ्यात बडोद्याला आले, की यजमान पंखा मुद्दाम पाचवर ठेवत. तो तोरा फुकटचा नव्हता, एवढे जुन्या टीकाकारांनीही मान्य करावे.

पण याच दशकात मुंद्र्याच्या वीजप्रकल्पांशी खरेदीचे करारही झाले, आणि त्यांचा हिशेब कोणी मिरवत नाही. 2007 मध्ये टाटांच्या 4,000 मेगावॉट प्रकल्पाची वीज पंचवीस वर्षांसाठी सरासरी 2 रुपये 26 पैसे युनिटने ठरली. तिचे वाटेकरी गुजरात, महाराष्ट्र आणि आणखी तीन राज्ये. अदानींच्या एका कराराचा दर होता 2 रुपये 35 पैसे. ढोल वाजले. या प्रकल्पांची मदार इंडोनेशियाच्या कोळशावर होती; 2010 मध्ये त्या देशाने निर्यातीच्या कोळशाचा भाव जागतिक दराला बांधला आणि हेच दर कंपन्यांना परवडेनासे झाले. परदेशात कोळसा महागला म्हणून करारातून सुटका नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2017 मध्ये सांगितले. तरीही पुढच्याच वर्षी गुजरात सरकारने समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये इंधनाचा वाढीव खर्च दरात धरण्याचा मार्ग मोकळा केला. बोली लावताना पत्करलेली जोखीम अशी ग्राहकाच्या गळ्यात आली.

कंपन्यांना मिळालेली ही सवड ग्राहकाला मात्र मिळाली नाही. बडोद्यात प्रीपेड स्मार्ट मीटर बसू लागले आणि मे 2024 मध्ये भर उन्हाळ्यात शिल्लक संपून घरे अंधारात गेल्याच्या तक्रारी आल्या. रिचार्ज चार दिवसांत उडतो, असे सांगत लोक वीज कार्यालयांवर धडकले. तेव्हा कुठे शेजारी तपासणीचा मीटर लावून देण्याची घोषणा झाली, आणि तीही मेहेरबानीच्या सुरात.

वास्तविक हा ग्राहकाचा हक्कच होता. रीडिंगबद्दल तक्रार आल्यास पाच दिवसांत जादा मीटर लावून किमान तीन महिने वापर पडताळावा, असा नियम केंद्राने फेब्रुवारी 2024 मध्येच काढला होता. महाराष्ट्रात तर जून 2024 मध्ये देवेंद्र फडणवीसांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नसल्याचे जाहीर केले. लोकसभा निवडणुकीत फटका बसल्यावर शहाणपण लवकर सुचते.

बडोद्यात प्रीपेडची घाई थांबली, मीटर बदलायचे काम मात्र संपलेले नाही. बसवायला येणाऱ्याने निदान तो पाच दिवसांचा नियम आणि ग्राहक तक्रार निवारण मंचाचा पत्ता गुजराती-मराठीत छापून हातात ठेवावा.