ओटी बांधून आलेली लेखनिक

हिवाळी परीक्षा आणि कापसाचा वेचा आमच्याकडे एकाच मुहूर्तावर निघतात. वर्धा-यवतमाळ रस्त्यावर देवळीच्या अलीकडे-पलीकडे कुठंही बघा, नोव्हेंबरात पऱ्हाटी पांढरी झालेली असते आणि वर्गातली हजेरी अर्ध्यावर आलेली. त्या पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात मी शिकवतो आणि परीक्षेच्या दिवसांत सहकेंद्राधिकारी असतो. महाविद्यालयाचं नाव सांगत नाही. का, ते पुढं वाचल्यावर कळेल.

2023 च्या हिवाळीत बी.ए. अंतिम वर्षाला आमच्याकडे एक अंध मुलगा होता. कागदावर त्याचं सगळं चोख होतं. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, लेखनिकाचा अर्ज, त्यावर मंजुरीचा शिक्का. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहेच, शिवाय केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक कसा असावा, तासामागे किमान 20 मिनिटं कशी वाढवावीत, सगळं लिहून ठेवलं होतं. त्या मिनिटांना 'जादा वेळ' म्हणू नका, 'भरपाई वेळ' म्हणा, असंही त्यात होतं. मला हे फार पटतं. जादा म्हटलं की देणाऱ्याची मान ताठ होते.

अडचण आली ती एका पायरीची. उमेदवारानं स्वतः आणलेला लेखनिक तेव्हा त्याच्याहून एक पायरी खाली शिकत असावा लागायचा, म्हणजे पदवीच्या पोराला बारावीतला. आणि बारावीतली पोरं-पोरी नोव्हेंबरात कुठं असतात ते वर सांगितलंच. वेचणीची मजुरी किलोवर. दुपारचा पेपर म्हणजे दिवस बुडाला.

त्यानं आपल्याच गावची एक मुलगी शोधली होती. पहिले दोन पेपर ती आली. तिसऱ्या दिवशी एक वाजला, सव्वा वाजला, पत्ता नाही. फोन बंद. मी गाडीला किक मारली आणि थेट शेतात गेलो.

"अवो सर, आज आखरीचा वेचा हाय, मालक बोंबलते," तिची माय तासातूनच म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिनंच पोरीकडं बघितलं. "जा वं. थो पोरगा बसला असन."

पोरगी कमरेची ओटी न सोडताच मागं बसली. केंद्रावर आल्यावर ओटी सोडून खिडकीत ठेवली, त्यात मूठ-दोन मूठ कापूस तसाच होता. बोटांवर बोंडाच्या टोकांचे ओरखडे. पेन धरलं की ती मधूनच बोटं झटकायची.

लेखनिकाची जोडी वेगळ्या खोलीत बसवावी लागते, कारण तिथं पेपर तोंडानं होतो. देवळी पैलवानांचं गाव, खासदार झालेले रामदास तडस याच मातीतले. त्यामुळं आमच्याकडे तळमजल्यावर क्रीडासाहित्याची खोली आहे, आणि परीक्षेला मोकळी तेवढी एकच. भिंतीला गुंडाळून ठेवलेली मॅट आणि तिच्यात मुरलेला घाम. (तळमजल्याला एक उतारही आहे. नॅकची समिती यायच्या आधी बांधला. पोरं त्याला घसरगुंडी म्हणतात.)

पहिल्या पेपरला मुलानं "पूर्णविराम" म्हटलं आणि हिनं ते अक्षरी लिहून टाकलं. उत्तर वाचून दाखवताना दोघंही हसत सुटले, मीही. मग त्यांनीच ठरवलं, बाकावर एक टिचकी म्हणजे पूर्णविराम, दोन म्हणजे नवा परिच्छेद. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, आत कुणी तबल्याला हात लावतंय.

आता एसटीचं. पेपर दोन ते पाच, भरपाई धरून सहा. त्यांच्या गावची शेवटची गाडी साडेपाचला. त्याला 75 टक्के सवलत, तिला बायकांचं अर्धं तिकीट, आणि गाडी मात्र पूर्ण गेलेली. पहिल्या पेपरला तो सव्वापाचलाच उठला. "झालं सर," म्हणाला. झालेलं नव्हतं, एक मोठा प्रश्न राहिला होता. दुसऱ्या पेपरापासून सहा वाजता मोटारसायकलवर आम्ही तिघं. ट्रिपल सीट, म्हणजे तोही नियमभंगच.

नियम मी पाळलेत, असं नाही म्हणत. एकदा फार चोख पाळला होता. काही वर्षांपूर्वी लिहिताना हात आखडणारी एक मुलगी आली होती. प्रमाणपत्रावरचा दिव्यांगत्वाचा आकडा 40 टक्क्यांच्या खाली. मी लेखनिकाचा अर्ज परत दिला. दोन पेपर तिनं स्वतः लिहिले, तिसऱ्याला आली नाही. पुढं 11 फेब्रुवारी 2021 ला विकास कुमार विरुद्ध यूपीएससी खटल्याचा निकाल लागला. तिथंही उमेदवाराचा हात लिहिताना आखडायचाच. 40 टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. ऑगस्ट 2022 मध्ये 40 टक्क्यांखालच्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना आल्या. मी त्यांची प्रत काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. कपाट रोज उघडावं लागतं.

तर ओटीच्या दिवशीचा तो पेपर, राज्यशास्त्राचा. मुलगा सांगत होता, पंचायत राज, चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती. पेन थांबलं. मुलीनं माझ्याकडं बघितलं.

"सर, दादा चुकीचं सांगून राहिला. बरोबर लिहू का?"

तिची मावशी सरपंच होती, हे मला नंतर कळलं. खरं तर त्या क्षणी मी उठून काहीतरी नोंद करायला हवी होती. "तो सांगेल तेच लिही," एवढंच म्हणालो.

खोलीत आवाज नाही. मुलानं मान जराशी तिरकी केली, बोट बाकावर टेकवलेलंच.

"थांब वं," तो म्हणाला. "खोड ते. त्र्याहत्तरावी लिही. चौऱ्याहत्तरावी नगरपालिकेची." आणि टिचकी मारली.

सहा वाजता पर्यवेक्षकाच्या अहवालात मी लिहिलं, 'विशेष नोंद नाही.' सही केली आणि गाडीची किल्ली घेतली.