सूक्ष्मजंतूंची जातिनिश्चिती : जीनोम-तुलना पद्धती

सूक्ष्मजंतूंच्या संपूर्ण आनुवंशिक द्रव्याची (जीनोमाची) परस्परांशी तुलना करून ते एकाच जातीचे आहेत की भिन्न जातींचे, हे ठरविण्याची पद्धती. उच्च प्राणी व वनस्पती यांच्या बाबतीत आपापसांत संकर होऊन प्रजननक्षम संतती निपजणे ही जातीची कसोटी मानतात. सूक्ष्मजंतूंचे प्रजनन विभाजनाने होते. शिवाय दूरचे नाते असलेल्या सूक्ष्मजंतूंमध्येही जीनांची (आनुवंशिक घटकांची) देवघेव होते. त्यामुळे ही कसोटी त्यांना लागू पडत नाही. आकार, पोषण, रोगकारकता इ. लक्षणांवरून केलेली जातिनिश्चिती पुष्कळदा फसवी ठरते. वऱ्हाडातील कपाशी, लिंबू व सोयाबीन या पिकांवरील झँथोमोनस वंशाच्या सूक्ष्मजंतूंचा नामेतिहास हे याचे उद्‌बोधक उदाहरण होय.

तीन पिके, तीन रोग : अकोला व अमरावती भागांतील अमेरिकन कपाशीवर होणाऱ्या कोनीय करपा रोगात पानांवर शिरांनी सीमित झालेले, प्रथम पाणीदार व नंतर काळपट असे कोनाकृती ठिपके पडतात, फांद्या व बोंडे यांवरही काळे चट्टे येतात. देशी कपाशी या रोगास बव्हंशी प्रतिकारक असते. कागदी लिंबावरील खैरा रोगात पाने, फांद्या व फळे यांवर खरबरीत, उंचवट्याचे व पिवळ्या वलयाचे डाग दिसतात; नागपुरी संत्र्यास या रोगाचा उपद्रव त्या मानाने कमी होतो. सोयाबीनच्या पानांवर याच वंशाच्या सूक्ष्मजंतूंमुळे बारीक फोड येतात. लक्षणे व आश्रय वनस्पती इतक्या भिन्न असल्याने या रोगांचे कारकही भिन्न जातींचे मानणे स्वाभाविक होते.

नामेतिहास : कपाशीवरील सूक्ष्मजंतूचे वर्णन अर्विन स्मिथ यांनी १९०१ मध्ये, लिंबूवर्गीय झाडांवरील सूक्ष्मजंतूचे क्लारा हासे यांनी १९१५ मध्ये, तर सोयाबीनवरील सूक्ष्मजंतूचे नाकानो यांनी १९१९ मध्ये केले. डाउसन यांनी १९३९ मध्ये झँथोमोनस हा वंश स्थापिला. त्यानंतर ‘नवी आश्रय वनस्पती, नवी जाती’ हा प्रघात रूढ झाला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम. के. पटेल व त्यांचे सहकारी यांनी आंबा, तूर इ. वनस्पतींवरील अशा सूक्ष्मजंतूंची वर्णने याच काळात प्रसिद्ध केली. परिणामी या वंशातील जातींची संख्या शंभराहून अधिक झाली. प्रयोगशाळेतील नेहमीच्या चाचण्यांनी मात्र त्यांतील बहुतेक परस्परांपासून ओळखता येत नसत. म्हणून १९७४ मध्ये बर्गी यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या वर्गीकरण-ग्रंथाच्या आठव्या आवृत्तीत त्यांपैकी बहुसंख्य जाती झँथोमोनस कॅम्पेस्ट्रिस या एकाच जातीत विलीन करण्यात आल्या. आश्रय वनस्पतीवरून ओळखावयाच्या गटांना १९८० पासून ‘पॅथोव्हार’ (रोगकारी प्रकार) ही संज्ञा लावण्यात आली. अशा रीतीने एका टोकास अतिविभाजन, तर दुसऱ्या टोकास अतिविलीनीकरण झाले.

तुलनेच्या पद्धती : (१) डीएनए-संकरण : दोन सूक्ष्मजंतूंच्या डीएनएचे धागे उष्णतेने अलग करून एकत्र केले असता ते कितपत जुळतात, हे यात मोजतात. ७०% किंवा अधिक जुळणी असल्यास दोन्ही एका जातीचे मानावेत, अशी शिफारस १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने केली. ही पद्धत किचकट असून प्रत्येक जोडीसाठी प्रयोग नव्याने करावा लागतो. (२) सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य : सूक्ष्मजंतूचा संपूर्ण जीनोम प्रथम १९९५ मध्ये वाचला गेला, खैऱ्याच्या सूक्ष्मजंतूचा जीनोम २००२ मध्ये ब्राझीलमध्ये वाचण्यात आला. त्याचे मुख्य गुणसूत्र सु. ५१.८ लाख क्षारक-जोड्यांचे असून त्याखेरीज त्यात दोन प्लाझ्मिडे (मुख्य गुणसूत्राबाहेरील डीएनएची लहान वलये) आहेत. या पद्धतीत एका जीनोमाचे सु. एक हजार न्यूक्लिओटाइडांचे तुकडे संगणकाने पाडून प्रत्येकाचा जुळता भाग दुसऱ्या जीनोमात शोधतात आणि साम्याची सरासरी काढतात. ९५ ते ९६% साम्य हे संकरणाच्या ७०% मर्यादेशी जुळते. २०१८ मध्ये सु. ९०,००० जीनोमांच्या तुलनेत ८३ ते ९५% या दरम्यान साम्य असलेल्या जोड्या फारच थोड्या आढळल्या. जातींमधील सीमा केवळ सोयीसाठी आखलेली नाही, या मतास त्यामुळे बळकटी मिळाली.

निष्कर्ष : डीएनए-संकरणाच्या आधारे १९९५ मध्ये झँथोमोनस वंशाची २० जातींत पुनर्रचना झाली. त्यानंतर अनेक जीनांच्या व जीनोमांच्या तुलनेवरून २०१६ मध्ये झँथोमोनस सिट्री या जातीची व्याप्ती नव्याने निश्चित करण्यात आली. तीनुसार लिंबाचा खैरा, कपाशीचा करपा, सोयाबीनवरील फोड, तसेच डाळिंबाचा तेल्या या रोगांचे कारक सूक्ष्मजंतू एकाच जातीचे भिन्न पॅथोव्हार ठरतात.

मर्यादा व व्यावहारिक महत्त्व : जाती एक झाली म्हणून रोग एक होत नाही. कपाशीच्या करप्यापासून शेजारच्या लिंबाच्या बागेत खैरा पसरत नाही. खैऱ्याचा सूक्ष्मजंतू लिंबाच्या पेशींत विशिष्ट प्रथिने सोडतो. ती पेशीतील ठराविक जीन कार्यान्वित करतात व त्यामुळे पेशी फुगून खवले तयार होतात. या प्रथिनांचे जीन त्याच्या प्लाझ्मिडांवर असतात. लक्षावधी न्यूक्लिओटाइडांच्या सरासरीत अशा मोजक्या जीनांचा प्रभाव नगण्य ठरतो आणि दुसऱ्या जीनोमात न आढळणारे तुकडे तर हिशेबातच येत नाहीत. म्हणजेच ही पद्धती नाते सांगते, रोगकारकता सांगत नाही. जनावरांच्या फाशी रोगाचा सूक्ष्मजंतू बॅसिलस अँथ्रासिस व त्याचा निकटचा आप्त बॅसिलस सीरियस यांच्यातील महत्त्वाचा भेदही प्रामुख्याने प्लाझ्मिडांवरील जीनांमुळेच आहे. तरीही धोक्याची सूचना म्हणून पहिल्याचे स्वतंत्र नाव कायम ठेवले आहे. यास्तव बियाणे, कलमे व रोपे यांच्या तपासणीत केवळ ‘झँथोमोनस सिट्री’ असा निर्वाळा पुरेसा ठरत नाही. पॅथोव्हारही निश्चित करावा लागतो व त्यासाठी रोगकारकतेच्या जीनांची किंवा प्रत्यक्ष आश्रय वनस्पतीवरील चाचणी आवश्यक असते.